माणसाशी सहज संवाद साधणारा रोबोट कसा रचावा

रोबोटला बोलता येणे आणि रोबोटशी बोलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आज जवळजवळ तयार मिळते: बोलणे ओळखणारे सॉफ्टवेअर, मोठे भाषा मॉडेल (प्रचंड मजकुरावरून शिकून वाक्ये समजणारा आणि रचणारा प्रोग्रॅम) आणि कृत्रिम आवाज एकमेकांना जोडले की यंत्र बोलू लागते. दुसरी मात्र रचावी लागते आणि तिचा फार थोडा भाग शब्दांत असतो. समोरच्याचे बोलणे संपले हे कशावरून ओळखायचे, आपण ऐकले हे कसे दाखवायचे, कोणत्या वस्तूबद्दल बोलणे चालले आहे याची खात्री कशी करायची आणि चुकीचे समजले तर ते कमीत कमी त्रासात कसे सुधारायचे, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या रोबोटपाशी आहेत तो साध्या आवाजातला, चेहरा नसलेला असला तरी लोकांना सोयीचा वाटतो. ती नसतील तर कितीही गोड आवाज आणि बोलके डोळे दिले तरी लोक चार दिवसांत त्याच्याशी बोलणे सोडतात आणि बटण कुठे आहे ते शोधू लागतात.

पुढील विवेचनात एकच रोबोट डोळ्यांपुढे ठेवला आहे: चाकांवर फिरणारा, एक हात असलेला, कामाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाने मागितलेली वस्तू उचलून त्याच्या हातात देणारा. स्वागतकक्षात उभा राहणारा किंवा मुलांशी खेळणारा रोबोट रचताना तपशील बदलतील, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

आधी माणसांचे बोलणे गोळा करावे

संवादाच्या रचनेची सुरुवात भाषेपासून न करता कामापासून करावी. रोबोटला नेमके काय करता येते, काय येत नाही आणि कोणती चूक झाली तर किती नुकसान होईल, याची यादी सर्वांत आधी कागदावर हवी. चुकीचा डबा आणला तर थोडा वेळ वाया जातो. धारदार हत्यार चुकीच्या बाजूने पुढे केले तर माणूस जखमी होतो. किती खात्री असली म्हणजे न विचारता काम करायचे, हा प्रश्न पुढे पावलोपावली येतो आणि त्याचे उत्तर याच यादीतून काढावे लागते.

त्यानंतर त्या कामासाठी लोक प्रत्यक्षात कसे बोलतात ते गोळा करावे. रचनाकाराने खुर्चीत बसून कल्पिलेली वाक्ये पूर्ण आणि व्याकरणशुद्ध असतात. टेबलापाशी उभा असलेला माणूस ‘तो दे ना... हा नाही, पलीकडचा’ असे बोलतो. असे बोलणे मिळवण्याची उत्तम पद्धत म्हणजे रोबोट लोकांपुढे ठेवायचा आणि पडद्याआडून माणसाने तो चालवायचा. संगणकाशी नैसर्गिक भाषेत बोलण्याच्या प्रयोगांसाठी जे. एफ. केली यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रूढ केली आणि ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या नावाने ती आजही वापरली जाते. तिच्यात एक सापळा आहे. पडद्याआडचा माणूस खोलीत काय चालले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असेल आणि अर्धे वाक्य ऐकताच काम सुरू करत असेल, तर हाती येते ते माणसामाणसांतले बोलणे, यंत्राशी होणारे बोलणे नव्हे. म्हणून त्याला रोबोटच्या कॅमेऱ्यातले चित्र आणि रोबोटच्याच मायक्रोफोनमधला आवाज एवढेच द्यावे, उत्तरांना यंत्राइतका उशीर मुद्दाम लावावा आणि मधूनमधून ठरवून चूक करायला लावावी. चूक झाल्यावर लोक काय म्हणतात, कुठे पाहतात, आवाज कसा बदलतात, हीच या प्रयोगातली सर्वांत मोलाची नोंद असते. प्रयोग संपल्यावर सहभागी झालेल्यांना खरी स्थिती सांगावी आणि नोंदी वापरण्यासाठी त्यांची संमती घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

ऐकण्याची व्यवस्था

तोंडाजवळ धरलेल्या फोनवर उत्तम चालणारी स्पीच रेकग्निशन प्रणाली दोन मीटरवर उभ्या असलेल्या रोबोटमध्ये अडखळू लागते. अंतर वाढले की थेट येणारा आवाज क्षीण होतो, भिंतींवरून परतणारा आवाज त्याच्या बरोबरीला येतो आणि त्यात रोबोटच्या स्वतःच्या मोटारी, पंखे व चाके भर घालतात. त्यामुळे एकाऐवजी अनेक मायक्रोफोनांची मांडणी करावी, ती पंख्यांपासून शक्य तितकी दूर ठेवावी आणि बोलणारा कोणत्या दिशेला आहे ते तिच्याकडून काढून घ्यावे. स्पीकरमधून निघालेला रोबोटचा स्वतःचा आवाज मायक्रोफोनच्या ध्वनीतून वजा करण्याची सोय अत्यावश्यक समजावी, कारण ती नसेल तर रोबोट बोलत असताना त्याला कोणी मध्येच थांबवू शकत नाही. चाचण्या मोटारी चालू ठेवूनच घ्याव्यात. गोंगाटात माणूस नुसता मोठ्याने बोलत नाही, त्याच्या आवाजाची पट्टी आणि स्वरांची लांबीही बदलते. एत्येन लोम्बार यांनी 1911 मध्ये या परिणामाचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शांत खोलीत केलेल्या ध्वनिमुद्रणांवर तयार झालेली प्रणाली इथेच मार खाते.

ओळखलेल्या बोलण्याचे एकच उत्तर पुढे पाठवू नये. ‘डबा’ की ‘डबी’ याबद्दल ध्वनीच्या पातळीवर शंका असेल तर दोन्ही शक्यता त्यांच्या विश्वासांकासह, म्हणजे प्रत्येकीची किती खात्री आहे त्या आकड्यासह, पुढे जाऊ द्याव्यात. टेबलावर डबीच नसेल तर निर्णय कॅमेरा देईल. मराठी बोलणाऱ्यांसाठी रचना करत असाल तर ‘तो छोटा स्क्रू-ड्रायव्हर जरा पास कर’ अशी मिसळलेली वाक्ये हीच नेहमीची वाक्ये मानून चाचणीत घ्यावीत. लहान मुलांचे आवाज वेगळे तपासावेत, कारण प्रौढांच्या आवाजांवर शिकलेल्या प्रणाली मुलांचे बोलणे ओळखताना अधिक चुकतात.

बोलण्याची पाळी कोणाची, हे ओळखणे

सर्वाधिक वेळ इथे घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी 1974 मध्ये संभाषणातील पाळीच्या व्यवस्थेची मांडणी केली: माणसे एका वेळी एक अशी बोलतात आणि एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू होताना मध्ये फारशी फट पडत नाही, फारसे एकमेकांवर बोलणेही होत नाही. ही फट किती असते, हे 2009 मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 10 भाषांतील प्रश्नोत्तरे मोजून दाखवले. सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद निघाली. त्यांपैकी जपानी सर्वांत चपळ आणि डॅनिश सर्वांत संथ, तरीही भाषाभाषांतला फरक अर्ध्या सेकंदाच्या आतच राहिला. चित्र पाहून एक साधा शब्द उच्चारायलाही माणसाला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. म्हणजे ऐकणारा शांततेची वाट पाहतच नाही. समोरच्याचे वाक्य कुठे संपेल याचा अंदाज बांधून तो आपले उत्तर आधीच जुळवत असतो.

यंत्रे याच्या उलट वागतात. बहुतेक प्रणाली अर्धा ते एक सेकंद शांतता सापडली की बोलणे संपले असे धरतात आणि मग कुठे विचार करायला लागतात. यातून दोन दोष एकदमच जन्माला येतात: माणूस शब्द आठवत थांबला की रोबोट त्याला तोडतो आणि माणसाचे बोलणे खरोखर संपले की रोबोट गप्प उभा राहतो. शांततेची मर्यादा कमी केली की पहिला दोष वाढतो, वाढवली की दुसरा. त्यामुळे ती मर्यादा मागेपुढे सरकवत बसण्यात अर्थ नाही. तिच्या जोडीला दुसरे पुरावे घ्यावे लागतात. ‘मला ती लांब दांड्याची’ यापुढे पूर्ण सेकंद शांतता असली तरी वाक्य अपुरे आहे. ‘मला ती लांब दांड्याची पक्कड दे’ यापुढे एक दशांश सेकंदही पुरे. आवाजाचा चढ-उतार आणि शेवटचे अक्षर लांबवणे हाही पुरावा असतो. नजरेचेही महत्त्व मोठे आहे: बोलणारा माणूस लांब बोलणे सुरू करताना बहुधा नजर बाजूला नेतो आणि संपवत आणताना ऐकणाऱ्याकडे परत आणतो, हे अॅडम केंडन यांनी 1967 मध्येच नोंदवले आहे. कॅमेऱ्याला एवढे दिसले, की रोबोट पुष्कळ ठिकाणी तोडण्यापासून वाचतो.

उत्तर तयार व्हायला वेळ लागणारच असेल तर तो वेळ मुका जाऊ देऊ नये. जपानमधील एटीआर संस्थेशी संबंधित संशोधकांनी 2008 मध्ये रोबोटच्या उत्तराला होणारा उशीर लोकांना कसा वाटतो ते तपासले. दोन सेकंदांपुढचा उशीर त्रासदायक ठरतो, पण आपण बोलताना ‘अं...’ म्हणतो तशा भरतीच्या शब्दाने तो बराच सुसह्य होतो, असे त्यांना आढळले. भरतीचा शब्द दर वेळी वापरला तर तो वीट आणतो, म्हणून मी शरीराच्या हालचालीला पहिली पसंती देईन. ‘निळा डबा दे’ या वाक्याचा प्रवास असा रचता येतो. ‘निळा’ ऐकू येताच, वाक्य चालू असतानाच, रोबोटचे डोके टेबलावरच्या निळ्या वस्तूंकडे वळू लागते. ‘डबा’ या शब्दाबरोबर नजर त्या डब्यावर स्थिरावते. वाक्य संपल्यानंतर पाव सेकंदाच्या आत डोके क्षणभर बोलणाऱ्याकडे येते आणि पुन्हा डब्याकडे जाते. हात हलायला आणखी पाऊण सेकंद लागला तरी चालतो, कारण तोवर माणसाला कळलेले असते की ऐकले गेले आहे आणि बरोबर वस्तू हेरली आहे. चुकीची हेरली असेल तर हेही त्याला त्याच क्षणी दिसते, हात डब्यापर्यंत पोहोचण्याच्या पुष्कळ आधी.

रोबोट बोलत असताना माणूस मध्ये बोलला, तर काय करायचे? तो ‘हं’, ‘बरं’, ‘हो का’ म्हणत असेल तर ती पाळी मागणे नव्हे, ऐकत असल्याची खूण आहे, आणि तिच्यामुळे थांबणारा रोबोट वेडगळ दिसतो. आवाज ऐकू येताच प्रथम स्वतःचा आवाज हळू करावा, पुढे आणखी शब्द आले तर लगेच गप्प व्हावे आणि न आल्यास वाक्य पुरे करावे. आपले वाक्य नेमके कोणत्या शब्दापर्यंत बोलून झाले होते ते संवादाच्या नोंदीत लिहिण्याची सोय बहुतेक जण विसरतात. ती नसेल तर ‘डबा जड आहे, दोन्ही हातांनी घ्या’ या वाक्यातले ‘डबा जड’ एवढेच ऐकवून थांबलेला रोबोट आपण पूर्ण सूचना दिली आहे असे मानून पुढे चालू लागतो.

दोघांना एकच गोष्ट अभिप्रेत आहे ना?

हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन यांनी 1991 मध्ये मांडले की संभाषणात माणसे केवळ वाक्ये पाठवत नाहीत. प्रत्येक वाक्य समजले आहे याची, चालू कामापुरती पुरेशी, खात्री दोघे मिळून करत जातात. रोबोटसाठी या विचाराचे व्यवहारात रूपांतर करताना चार पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात: माझे लक्ष आहे, मला शब्द ऐकू आले, मला अर्थ कळला, मी ते करणार आहे. प्रत्येक पायरीला दिसणारी किंवा ऐकू येणारी वेगळी खूण हवी. ‘ओके’ या एकाच शब्दात चारही कोंबले, तर शब्द ऐकू आले पण अर्थ लागला नाही अशा वेळीही रोबोट ‘ओके’ म्हणतो, माणूस निर्धास्त होतो आणि मग काहीच घडत नाही.

बोट दाखवून ‘हे तिथे ठेव’ म्हणण्याची सोय एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी 1980 मध्ये पडद्यावरच्या आकृत्यांसाठी करून दाखवली होती. खऱ्या टेबलावर ती तितकी सोपी नाही. बोटाची दिशा काढताना डोळ्यापासून बोटाच्या टोकापर्यंतची रेषा घ्यावी, ती नुसत्या हाताच्या रेषेपेक्षा बहुधा अधिक उपयोगी पडते. तरीही ती रेषा एका वस्तूवर न पडता काही वस्तूंच्या घोळक्यावर पडते, आणि त्यांतली नेमकी कोणती हे शब्दांवरून ठरवावे लागते. हाताचा इशारा शब्दाच्या किंचित आधी सुरू होतो, म्हणून कॅमेऱ्यातली शेवटची दोन-तीन सेकंदे नेहमी हाताशी ठेवावीत. ‘हे’ ऐकल्यावर पाहायला सुरुवात केली तर हात खाली गेलेला असतो. ‘डावीकडचा’ म्हणजे कोणाच्या डावीकडचा, हा प्रश्न समोरासमोर उभे असताना हमखास येतो. ऐकताना बोलणाऱ्याची बाजू गृहीत धरावी. स्वतः बोलताना मात्र डावे-उजवे टाळून ‘खिडकीकडचा’, ‘पक्कडीच्या शेजारचा’ असे म्हणावे.

मराठीपुरती एक खबरदारी इथेच सांगतो. मी वर वाक्य चालू असतानाच प्रतिसाद सुरू करायला सांगितले, पण मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. ‘तो काचेचा डबा उचलू नकोस’ या वाक्यात ‘उचलू’पर्यंत ऐकून हात पुढे करणारा रोबोट सांगितल्याच्या नेमके उलट करतो. इंग्रजीत नकार वाक्याच्या आरंभी येत असल्याने त्या भाषेसाठी रचलेल्या प्रणालीत हा धोका ध्यानात घेतलेला नसतो. म्हणून नियम असा ठेवावा की वाक्य चालू असताना फक्त नजर आणि डोके हलावे. हात, चाके आणि पकड वाक्याचा शेवट कळेपर्यंत जागची हलू नयेत.

समजुतीची दुरुस्ती

चुका शून्यावर आणण्याचे ध्येय ठेवणाऱ्या रचना चूक झाल्यावर असहाय होतात. माणसामाणसांतही चुका नित्याच्याच असतात. मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 12 भाषांतली रोजची संभाषणे तपासली, तेव्हा ऐकणाऱ्याने दुरुस्ती मागण्याचा प्रसंग सरासरी दर 1.4 मिनिटांनी येतो असे दिसले. त्यांना दुरुस्तीचे तीन प्रकारही सगळीकडे सापडले: नुसते ‘काय?’ विचारणे, ‘कोणता डबा?’ असे एकाच भागाबद्दल विचारणे आणि ‘झाकण नसलेला ना?’ असा स्वतःचा अंदाज पुढे करून होकार मागणे. माणसे शक्य असेल तेव्हा तिसऱ्याकडे झुकतात, कारण त्यात समोरच्याला कमीत कमी श्रम पडतात.

रोबोटमध्ये हाच क्रम जसाच्या तसा उतरवावा. ‘माफ करा, मला समजले नाही, कृपया पुन्हा सांगा’ हे वाक्य शक्य तितके दुर्मीळ करावे. ते सर्व ओझे माणसावर टाकते आणि काय समजले नाही हेही सांगत नाही. निळे डबे दोन असतील तर ‘कोणता डबा?’ यापेक्षा एकाकडे नजर वळवून ‘हा, झाकणाचा?’ असे विचारणे उत्तम. अर्धे वाक्य ऐकू आले असेल तर ऐकू आलेला भाग आपल्या प्रश्नात यावा: ‘पक्कड कुठे ठेवू?’ एकाच मार्गाने दोनदा अपयश आले तर तिसऱ्यांदा तोच मार्ग नको. बोट दाखवायला सांगावे, किंवा दोन वस्तू उचलून दाखवाव्यात. कानाने जमत नसेल तर डोळ्यावर जावे, एवढे शहाणपण यंत्रात मुद्दाम घालावे लागते.

माणूस जेव्हा ‘अरे, तो नाही’ म्हणतो तेव्हा ती नवी आज्ञा नसते, आधीच्या आज्ञेतला एक पर्याय बाद करणे असते. मूळ विनंती जिवंत ठेवून बाद झालेली वस्तू यादीतून काढावी आणि उरलेल्यांतली सर्वांत संभवनीय पुढे करावी. नाकारलेली वस्तू लगेच पुन्हा पुढे करणारा रोबोट लोकांना जेवढी चीड आणतो तेवढी दुसरे क्वचितच काही आणत असेल. दिलगिरी एकदाच आणि एका शब्दात असावी. प्रत्येक चुकीला लांब माफीनामा वाचणारे यंत्र वेळ दोनदा खाते. काम जमणारच नसेल तर कारण आणि पर्याय एकाच वाक्यात सांगावेत: ‘तो माझ्या हाताला लागत नाही, टेबलाच्या या कडेला सरकवला तर देतो.’

न विचारता करणे आणि विचारून करणे यांची सीमा सुरुवातीच्या यादीवरून ठरवावी. चूक स्वस्त असेल तर अंदाजाने काम सुरू करून तसे सांगत जावे, कारण सतत विचारणारा रोबोटही नकोसा होतो. चूक महाग असेल तर खात्री असली तरी विचारावे.

हालचाल ही सुद्धा भाषाच

वस्तू हातात देण्याचा प्रसंग घ्या. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये पीआर2 या रोबोटकडून लोकांच्या हातात पाण्याच्या बाटल्या देऊन पाहिल्या. रोबोटने जिथे बाटली द्यायची त्या जागेकडे आधी पाहिले तर लोकांनी हात लवकर पुढे केले. एकही शब्द न बोलता व्यवहार जलद झाला. हाताच्या मार्गाबद्दल अंका ड्रॅगन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एक उपयुक्त भेद मांडला: ध्येय माहीत असताना अपेक्षित वाटणारी हालचाल वेगळी आणि ध्येय माहीत नसताना ते चटकन ओळखू येईल अशी हालचाल वेगळी. शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांपैकी उजवा उचलायचा असेल तर सरळ रेषेत जाणारा हात शेवटपर्यंत गूढ राहतो. सुरुवातीलाच थोडा उजवीकडून वळसा घेणारा हात हेतू लगेच उघड करतो. तो वळसा क्षणभर अधिक खातो, पण माणसाचा हात मध्ये येण्यापासून वाचवतो.

अंतराबाबत एडवर्ड हॉल यांनी 1966 मध्ये दिलेले आकडे आरंभबिंदू म्हणून चालतात: सुमारे 45 सेंटिमीटरच्या आत जिव्हाळ्याचे अंतर, तिथून 1.2 मीटरपर्यंत वैयक्तिक, पुढे 3.6 मीटरपर्यंत सामाजिक. ते त्यांनी अमेरिकी लोकांच्या निरीक्षणातून काढले होते, म्हणून त्यांना नियम मानू नये. थांबण्याचे अंतर वापरणाऱ्याला बदलता यावे. पाठीमागून येणे मात्र कोणालाच रुचत नाही, आणि चाके फारच मूक असतील तर येताना हलका आवाज मुद्दाम द्यावा लागतो.

चेहरा, आवाज आणि संबोधन

इथे कमीच करावे. मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्ये मांडले की रूप जवळजवळ माणसासारखे, पण पुरते नाही, अशा टप्प्यावर आपुलकीची जागा एकाएकी अस्वस्थता घेते. त्याहून व्यावहारिक अडचण अशी की रूप एक वचन देते: माणसाचा चेहरा दिसला की लोक माणसाइतकी समज गृहीत धरतात आणि मग निराश होतात. हर्टफर्डशायर विद्यापीठातील कास्पर या रोबोटचा चेहरा ऑटिझम असलेल्या मुलांसाठी मुद्दाम साधा ठेवलेला आहे, आणि तो साधेपणाच त्याच्या कामाचा आहे. आवाज स्पष्ट असावा आणि खोलीतल्या गोंगाटाप्रमाणे कमीजास्त व्हावा. अनोळखी प्रौढांना ‘तुम्ही’ हेच संबोधन ठेवावे. माणूस रोबोटला ‘तू’ म्हणत असला तरी रोबोटने उलट ‘तू’वर येऊ नये.

चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी थांबावे. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये घेतलेल्या आढाव्यात चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना भरवशाने सांगता येत नाही असा निष्कर्ष आहे, आणि युरोपीय संघाच्या 2024 च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने कामाच्या जागी व शिक्षणसंस्थांत असा वापर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, निषिद्ध ठरवला आहे. माणूस वैतागला आहे हे त्याने तीच विनंती तिसऱ्यांदा केली यावरून अधिक खात्रीने कळते.

भाषा मॉडेलला कुठे बसवावे

मोठे भाषा मॉडेल अर्धवट, वाकडी वाक्ये समजून घेण्यात फार उपयोगी पडते, आणि त्याच्या अस्खलितपणातच धोका आहे. जोसेफ वायझेनबाउम यांच्या 1966 च्या एलायझा या साध्या प्रोग्रॅमलाही लोकांनी समज बहाल केली होती. आजचे मॉडेल तर ‘हो, आणतो’ हे वाक्य वस्तू खोलीत नसतानाही खात्रीने म्हणते. गूगलच्या संशोधकांनी 2022 मध्ये सेकॅन या रचनेत एक मार्ग दाखवला: पुढचे कोणते पाऊल उपयोगी आहे याचे गुण मॉडेल देते, ते पाऊल या क्षणी रोबोटला जमेल का याचे गुण वेगळा भाग देतो आणि निवड दोघांच्या गुणाकारावरून होते. तपशील कसेही असोत, तत्त्व पाळावे: वचन देणारे वाक्य, ते पाळता येईल याची तपासणी झाल्याशिवाय स्पीकरपर्यंत पोहोचू नये. मॉडेलला टेबलावरच्या वस्तूंची ताजी यादी दर वेळी पुरवावी, उत्तर एक-दोन छोट्या वाक्यांपुरते बांधावे आणि मोटारींना थेट आज्ञा देण्याचा अधिकार त्याला देऊ नये.

‘थांब’ हा शब्द या साऱ्या यंत्रणेतून जाता कामा नये. तो रोबोटवरच, इंटरनेटच्या जोडणीशिवाय, छोट्या स्वतंत्र ओळखयंत्रणेने पकडावा, कोणीही म्हटला तरी मानावा आणि चुकून ऐकू आला तरी थांबावे. हाताने दाबायचे आपत्कालीन बटण त्याखेरीज हवेच. आवाजावरची कोणतीही सोय त्याची जागा घेऊ शकत नाही. मायक्रोफोन आणि कॅमेरा चालू आहेत हे दुरून दिसावे, ते बंद करण्याची खरी कळ असावी आणि किती दिवसांचे ध्वनिमुद्रण साठवले जाते हे रोबोटला विचारता यावे.

तपासणी

प्रात्यक्षिकात चाललेला संवाद खोलीत चालतोच असे नाही, म्हणून मोजमाप कामाच्या जागी घ्यावे. प्रश्नावल्या उपयोगी आहेत. 2009 मध्ये क्रिस्टोफ बार्टनेक आणि सहकाऱ्यांनी मांडलेली गॉडस्पीड ही प्रश्नावली माणसासारखेपणा, सजीवपणा, आवड, बुद्धी आणि सुरक्षितता यांबद्दल लोकांचे मत विचारते. पण लोक रोबोटबद्दल सौजन्याने बोलतात, म्हणून त्यांच्या मतापेक्षा वागण्यावर अधिक विसंबावे: विनंती पुरी व्हायला किती पाळ्या लागल्या, माणसाने तेच किती वेळा सांगितले, रोबोटने त्याला किती वेळा तोडले, आणि सर्वांत बोलके म्हणजे किती वेळा माणसाने मध्येच सोडून देऊन वस्तू स्वतःच उचलली. पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नये. ताकायुकी कांदा आणि सहकाऱ्यांनी जपानमधील प्राथमिक शाळेत दोन आठवडे ठेवलेल्या रोबोटभोवती मुलांनी आधी गर्दी केली आणि दुसऱ्या आठवड्यात ती ओसरली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अनुभव नवलाईचा भाग वेगळा काढायला शिकवतो.

दर आठवड्याला फसलेले संवाद चित्र, आवाज आणि रोबोटची त्या क्षणीची समज एकाच काळरेषेवर मांडून पाहावेत. पुष्कळदा दोष जिथे वाटतो तिथे नसतो: चुकीचा डबा आणण्याचे खापर भाषा मॉडेलवर फुटते आणि काळरेषेवर दिसते की पंखा सुरू होताना वाक्याचे पहिले अक्षर गिळले गेले होते. एका वेळी एकच कारण सुधारावे, आणि नवे सॉफ्टवेअर रोबोटवर चढवण्याआधी ते जुन्या सर्व ध्वनिमुद्रणांवर चालवून पाहावे, म्हणजे काल बरोबर समजलेली वाक्ये आजही समजतात की नाही ते लोकांच्या आधी आपल्याला कळते.